सत्तावीस नंबरची नळी

"मॅडम, मधेच बंद पडला तर चालेल का तुम्हाला?" दुकानदार रणदिव्यांनी विचारलं.

वसुधा तारळेकर हसली. "बंद पडणारा लॅपटॉप भरवशाचा कसा हो?"

"तेच म्हणतोय मी. म्हणून हा घ्या." रणदिव्यांनी काचेवर ठेवलेल्या दोन लॅपटॉपपैकी राखाडी पुढं सरकवला. झाकणावर ठसठशीत अक्षरांत 'अखंड' असं कोरलेलं होतं. "पाच वर्षांत एकदाही थांबणार नाही. थांबला तर नवा देऊ, असं कंपनी लिहून देते. हा दुसरा जुन्या पद्धतीचा. वाईट नाही, पण अडतो. एखादी नोंद वाचता आली नाही की तसं सांगून उभाच राहतो."

अडणाऱ्या यंत्राचा वसुधाला चांगलाच अनुभव होता. साखर कारखान्यांचे बॉयलर तपासून देणारी ती स्वतंत्र सल्लागार. कराडातल्या घराची वरची खोली हेच तिचं ऑफिस, आणि साहेब, कारकून, शिपाई सगळं तीच. गेल्या वर्षी एका कारखान्याच्या सभागृहात संचालक मंडळ समोर बसलेलं असताना तिचा जुना लॅपटॉप 'ही नोंद वाचता येत नाही' एवढं सांगून जो गप्प झाला, तो झालाच. भरवशाच्या म्हशीला टोणगा! एक संचालक मिशीत हसून म्हणाला, "ज्यांचं स्वतःचं मशीन चालत नाही, ते आमचं काय तपासणार?" त्या एका वाक्यानं तिचे तीन कारखाने तुटले. यंदा आणखी एक तुटला असता तर वरच्या खोलीला कुलूप लावून तिला पुन्हा कुणाची तरी नोकरी धरावी लागली असती.

"आणि नोंद खराबच झाली तर हा काय करतो?" तिनं विचारलं.

"सांधतो," रणदिवे म्हणाले. "आता बघा, चिपमधले कप्पे इतके बारीक झालेत की एकेका कप्प्यात मोजून चार इलेक्ट्रॉन. उन्हानं तापलं, आकाशातून एखादा कण येऊन आदळला, की गेला आकडा. सगळ्याच कंपन्यांचं तेच रडगाणं. पण हा आजूबाजूचं बघून गेलेला आकडा भरून काढतो. फोनवर बोलताना एखादा शब्द तुटला तरी आपण समजून घेतोच ना? तसंच."

कोपऱ्यातल्या स्टुलावर इलाही शिकलगार चहाचा रिकामा कप हातात धरून बसला होता. तीस वर्षं त्यानं घोगरदरी कारखान्यात बॉयलरवर फायरमन म्हणून काढली होती आणि निवृत्तीनंतरची चौदा वर्षं वसुधासोबत. जाडी मोजायचं मापक घेऊन बॉयलरच्या पोटात तो शिरायचा आणि एकेका नळीची जाडी ओरडून सांगायचा, बाहेर ती लिहून घ्यायची. तिला मॅनहोलमधून आत उतरायला त्यानंच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तिचा कोपर खरचटू नये म्हणून त्या लोखंडी कडेवर त्यानं स्वतःचा टॉवेल टाकला होता.

"ताई, अडतंय ते घ्या," तो म्हणाला. "बैल बसला की कळतंय तरी, गाडीत वझं जास्त झालंय म्हणून."

"इलाहीभाई, बैल बसला तेव्हा तीन कारखाने गेले आपले."

"गेलं तर गेलं. खोटं तर न्हाई बोलला."

रणदिवे हसले, वसुधाही हसली, आणि अखंड पिशवीत गेला.

*

बॉयलर म्हणजे नळ्यांचं जंगल. नळ्यांच्या आत पाणी, बाहेर उसाच्या भुशाची आग. उडणारी राख वर्षानुवर्षं नळी घासत राहते. नवी नळी साडेचार मिलीमीटर जाड असते. ती तीनच्या खाली आली की बदलायची, एवढं साधं गणित. न बदलली तर एक दिवस आतलं उकळतं पाणी हवेच्या चाळीस-पन्नास पट दाबानं नळी फाडून बाहेर येतं आणि समोर जो असेल तो वाचत नाही. वसुधाच्या सहीचा अर्थ एवढाच होता की समोर उभं राहायला हरकत नाही.

या कामाची एक जुनी पद्धत होती. आतल्यानं नळीचा नंबर आणि जाडीचा आकडा ओरडायचा, साडेचारला नुसतं 'चार पाच', बाहेरच्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, मगच लिहायचा. परत म्हटल्याशिवाय इलाही पुढच्या नळीला हातच लावत नसे. पातळ नळीवर तो खडूनं फुली मारायचा. नव्या मापकातून आकडा थेट लॅपटॉपमध्ये जायला लागला तेव्हा परत म्हणण्याचं कारण संपलं, असं वसुधाला वाटलं. तीन हजार नळ्या, तीन हजार वेळा घसा फोडायचा, तो कशासाठी?

श्रावणात घोगरदरीचा बॉयलर उघडला. तपासणीचा दुसरा दिवस होता. पत्र्याखाली नुसती भट्टी झाली होती आणि अखंड तिच्या मांडीवर तव्यासारखा तापला होता, पण तक्रार म्हणून नाही. आतून इलाहीचा आवाज घुमत येत होता.

"पंचवीस, चार शून्य! सव्वीस, चार एक!"

तेवढ्यात दुसऱ्या कारखान्याच्या चीफ इंजिनिअरचा फोन आला. वसुधा फोन खांद्यात धरून तारीख ठरवत होती.

"सत्तावीस, दोन तीन! ताई, दोन तीन! राख झाडायचा झोत वाकडा झालाय, ह्या एकाच नळीला लागतोय जनू!"

"आलं मशीनमध्ये," ती फोनवर हात ठेवून ओरडली. "पुढं!"

"परत म्हना की."

"आलं म्हटलं ना, इलाहीभाई! रिपोर्टमध्ये लाल अक्षरात येईल सगळं."

आतून खडू घासल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "अठ्ठावीस, चार शून्य."

काम संपल्यावर चहा पिताना तिनं बोलायचं ते बोलून टाकलं. पुढच्या वर्षी सरपटत जाणारं छोटं मापक येतंय, माणसाला आत शिरायची गरज राहणार नाही, तुमचेही आता गुडघे दुखतात. इलाहीनं मान हलवली. त्याला राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "हंगामाला माणसं घ्यायलेत कारखान्यात. मी जातो तिकडं. घरात बसून काय करू?"

*

रिपोर्ट तयार व्हायला अकरा दिवस लागले, कारण मधे आणखी दोन कारखाने उरकायचे होते. अखंड त्यातले बरेच तास उन्हातल्या गाडीत आणि बॉयलरच्या पत्र्याखाली होता. एकदाही थांबला नाही. घोगरदरीच्या रिपोर्टमध्ये एकोणीस नळ्या लाल आल्या, सगळ्या कोपऱ्यात, घोळक्यानं, जिथं राख नेहमीच घासते. तिला जे अपेक्षित होतं, अगदी तेच. तिनं सही केली आणि कारखान्यानं त्या एकोणीस नळ्या बदलल्या.

दसऱ्याला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. हळद-कुंकू, नारळ, सपत्नीक पूजा आणि मग भट्टीत पहिला पलिता. 'इलाहीच्या हातचा जाळ हंगामभर विझत नाही' अशी घोगरदरीत समजूत होती, म्हणून पलिता टाकायचा मान त्याचा. आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, सत्तावीस नंबरची न्हाई बदलली ह्यांनी."

"सत्तावीसला काय झालंय?"

"दोन तीन हुती की वो. मी वरडलो हुतो."

वसुधानं रिपोर्ट उघडला. सव्वीस, चार पॉइंट एक. सत्तावीस, चार पॉइंट एक. अठ्ठावीस, चार. तिला आठवलं, काहीतरी ओरडला होता खरा. पण काय ओरडला होता, ते तिच्या कानानं धरून ठेवलं नव्हतं. परत म्हटलं असतं तर राहिलं असतं.

"चार एक आहे इलाहीभाई. माझ्यासमोर आहे."

"मी माझ्या डोळ्यानं बघितलंय ताई."

मापक कपाटात होतं. त्याच्या स्वतःच्या डबड्यात शेवटच्या कामाची नोंद असते आणि ती बघायला दोन मिनिटं पुरतात. घोगरदरीनंतरच्या दोन कारखान्यांत तिनं तिथलंच मापक वापरलं होतं, म्हणजे नोंद अजून तशीच होती. पण दुपारपर्यंत तिला दोन रिपोर्ट पाठवायचे होते, आणि खरं सांगायचं तर तिला ती दोन मिनिटं अपमानाची वाटली. इतक्या विचारानं घेतलेल्या यंत्राला साक्षीदार कशाला हवा?

"तुमचं वय झालंय आता," ती म्हणाली. आवाज तिनं मऊ ठेवला होता, तेवढंच. "आत अंधार, डोळ्यात घाम. एकदा डोळे तपासून घ्या बरं."



"व्हय," इलाही म्हणाला. "तसंबी असंल."

दुसऱ्या दिवशी त्यानं पलिता टाकला. फोटोत तो हार घालून उभा होता आणि हसत नव्हता.

*

हंगामाच्या अठराव्या दिवशी, सकाळच्या पाळीत, सत्तावीस नंबरची नळी फाटली.

वसुधा पोचली तेव्हा बॉयलर विझलेला होता आणि सगळीकडं ओली राख पसरली होती. एक जण गेला होता. फक्त एकच, असं लोक पुन्हा पुन्हा म्हणत होते, कारण त्या वेळेला तिथं एरवी सहा-सात जण तरी असतात. गेलेल्याचं नाव तिला गेटवरच कळलं होतं. ती रडली नाही, नुसती लोखंडी जिना धरून उभी राहिली.

बंडा नावाचा फायरमन तिला वर घेऊन गेला. भट्टीत डोकावायच्या झरोक्यासमोरच्या लोखंडी फरशीवर त्यानं बोट दाखवलं. तिथं खडूची जाड रेघ होती. मधला भाग पाण्यानं धुऊन गेला होता, दोन्ही टोकं शाबूत होती.

"म्हाताऱ्यानं मारलीया," बंडा म्हणाला. "पंधरा दिस झालं. ह्या रेघंच्या आत कुनी यायचं न्हाई, म्हनाला. आमी हसायचो. फोरमनसाहेब म्हनलं, रिपोर्ट चांगला हाय, चालू हंगामात बॉयलर कुनी थांबवतंय व्हय? तवा म्हातारा म्हनला, बरं, मग मीच बसतो. रोज पाळीभर झरोक्याला कान लावून बसायचा. आज सकाळी एकदम वरडला, मागं सरा! आमी सरलो." बंडानं तोंड फिरवलं. "त्यो न्हाई सरला. वाफंचा व्हॉल बंद करत हुता."

वसुधा त्या रेघेबाहेर उभी होती. आत पाऊल टाकायची तिची हिंमत झाली नाही.

*

मातीनंतर ती इलाहीच्या घरी गेली. रशीदाभाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका बाजूला सरकल्या. वसुधानं त्यांचा हात धरला.

"तुम्ही सांगितलं म्हणून डोळं तपासाया गेले हुते," भाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. त्यांनी पदराची गाठ सोडून एक घडी केलेला कागद दिला. कारखान्याच्या नेत्र शिबिरातला होता, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवसाचा. दोन्ही डोळ्यांची नजर उत्तम, मोतीबिंदू नाही. "डॉक्टर म्हनला, तिशीतल्या मानसासारखं डोळं हायत चाचा तुमचं. हे घरला आले आनि गप बसले. मी म्हटलं, ताईला फोन लावा. तर म्हनले, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तर ताईच्या मशीनवर न्हाई, ताईवरच इस्वास न्हाई असं व्हतंय."

वसुधानं तो कागद पुन्हा घडी करून पर्समध्ये ठेवला.

*

घरी येऊन तिनं कपाटातून मापक काढलं. त्याच्या बोटभर पडद्यावर एकेक नोंद मागं सरकवत ती गेली. अठ्ठावीस, चार पॉइंट शून्य. सत्तावीस, दोन पॉइंट तीन. सव्वीस, चार पॉइंट एक. बरोबर दोन मिनिटं लागली.

मग तिनं अखंड उघडला आणि कंपनीचं माहितीपत्रक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. रणदिव्यांनी सांगितलं होतं ते खरं होतं, फक्त अर्धं होतं. जुन्या यंत्रात प्रत्येक आकड्यासोबत पडताळणीचा एक छोटा आकडा जपलेला असे. आकडा बिघडला की दोघांचा मेळ बसत नसे आणि यंत्र अडत असे. अखंडमध्ये ती जागा वाचवली होती. मग आकडा बिघडला हे ओळखायचं कसं? तर शेजाऱ्यांवरून. शेजाऱ्यांसारखा असेल तो चांगला. एकटाच वेगळा दिसेल तो बिघडलेला, आणि यंत्र जितकं तापेल तितका त्याचा संशय जास्त. मग ते संशयिताला काढून त्या जागी शोभेलसा आकडा बसवायचं. गावच्या पंगतीत वेगळ्या माणसाला उठवावं, तसं. फोटोंना, पत्रांना, गाण्यांना यानं काही बिघडत नव्हतं. पण वसुधाचा सगळा धंदाच त्या एकट्या, वेगळ्या आकड्याचा होता. चार एक, चार शून्य यांच्यासाठी कुणी बॉयलरच्या पोटात शिरत नाही.

सेटिंगमध्ये, चार दारं ओलांडल्यावर, 'सांधणी-नोंद' नावाची यादी होती. ग्राहक उगाच घाबरतात म्हणून ती बंद ठेवलेली असते, असं खाली लिहिलं होतं. तिनं ती चालू केली. कुठं सांधलं ते यादीत होतं, मूळ काय होतं ते कुठंच नव्हतं. घोगरदरी, एक नळी. आणि बाकीच्या अकरा कारखान्यांत मिळून चौऱ्याण्णव.

अकराही कारखाने त्या घटकेला चालू होते.

तिनं फोन फिरवायला सुरुवात केली. पहिला कार्यकारी संचालक म्हणाला, "मॅडम, तुमच्याच सहीचा रिपोर्ट आहे, सगळं ठीक म्हणून." दुसरा म्हणाला, "शेतात ऊस तोडून पडलाय, आता बॉयलर थांबवू? लेखी आदेश आणा." तिसऱ्यानं सहानुभूती दाखवली, तुमचा माणूस गेला, मन थाऱ्यावर नसणार, थोडी विश्रांती घ्या. संध्याकाळपर्यंत अकरा जणांशी बोलून झालं. कुणीही बॉयलर थांबवला नाही. थांबवू शकेल असा एकच माणूस उरला होता, सरकारी चौकशी अधिकारी, आणि तो घोगरदरीच्या विश्रामगृहात दुसऱ्या दिवशी जबाब घेणार होता.

*

चौकशी अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, तुम्ही घाबरू नका," तो म्हणाला. "तुमचा रिपोर्ट स्वच्छ आहे. बहुतेक पाण्याचा दोष निघेल, नाहीतर नळीच्या पोलादाचा. तुमच्यावर काही येत नाही. सही करा आणि मोकळ्या व्हा."

म्हणजे वाट उघडी होती. वरची खोली, अकरा कारखाने, पाटीवरचं नाव, सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. एका सहीचा प्रश्न होता. वसुधानं पर्समधला तो घडीचा कागद चाचपला.

"माझ्यावर येतंय, साहेब," ती म्हणाली. "लिहून घ्या."

त्यानं तिच्याकडं क्षणभर पाहिलं, खांदे उडवले आणि लॅपटॉप जवळ ओढला.

ती बोलायला लागली. नळी दोन पॉइंट तीन होती. इलाही शिकलगार यांनी ती मोजली, ओरडून सांगितली. मी फोनवर होते. ते परत म्हणा म्हणाले, मी म्हटलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितलं. मापक माझ्या कपाटात होतं. मी ते उघडलं नाही, त्यांना डोळे तपासायला सांगितलं. त्यांचे डोळे चांगले होते. अधिकाऱ्याची बोटं भराभर चालत होती. मग तिनं मापक टेबलावर ठेवलं आणि यादी काढली. कारखान्याचं नाव, बॉयलर, रांग, नळी. "या चौऱ्याण्णव नळ्यांवर माझी सही आहे आणि त्यांची खरी जाडी कुणालाच माहीत नाही. हे अकरा बॉयलर आज थांबवा. आज म्हणजे आजच, साहेब."

ती एकेक नोंद वाचत गेली. बाहेर व्हरांड्यात ऊन तापलं होतं, पंखा नुसताच फिरत होता. साठ-सत्तर नोंदी झाल्यावर पाणी प्यायला तिनं मान वर केली, आणि त्याच्या लॅपटॉपचं झाकण तिला पहिल्यांदा नीट दिसलं. रंग राखाडी. अक्षरं ठसठशीत.

वसुधाच्या हातातला पेला टेबलावर आदळला.

"साहेब, हे हातानं लिहून घ्या. कागदावर."

"कागद बंद झाला मॅडम. सगळ्या कचेरीला हेच दिलेत. फार भरवशाचे आहेत, एकदाही अडलेला नाही."

"मग परत म्हणा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला, दारातला शिपाई आत डोकावला. "मी काय सांगितलं ते मोठ्यानं परत म्हणा. एकेक नळी. तुमच्या तोंडानं. परत म्हणा, साहेब!"

अधिकाऱ्यानं मान वर केली नाही. कामाच्या माणसाची असते तशी ती साधी, थकलेली घाई होती.

"आलं मॅडम मशीनमध्ये," तो म्हणाला. "पुढं."